तारण: झाले, होत आहे, होईल

मराठीत ‘तारण’ हा शब्द दोन अगदी निराळ्या ठिकाणी भेटतो. पतपेढीच्या कागदपत्रांत तो कर्जापोटी हमी म्हणून ठेवलेल्या जिनसेचा वाचक असतो, तर ख्रिस्ती मराठीत पाप आणि मृत्यू यांच्या पकडीतून होणाऱ्या माणसाच्या सुटकेला तारण म्हणतात आणि ती सुटका घडवणाऱ्या येशू ख्रिस्ताला तारणारा. हा योगायोग मूळ आशयाला अगदीच परका नाही. कारण नव्या कराराच्या ग्रीक लेखकांनी या सुटकेसाठी जे शब्द वापरले, त्यांपैकी ‘अपोलुत्रोसिस’ हा शब्दही व्यवहारातलाच, मोल देऊन गुलामाची किंवा कैद्याची सोडवणूक करणे या अर्थाचा होता. मात्र ही सोडवणूक नेमकी केव्हा होते, याचे उत्तर नव्या करारात एकेरी नाही. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तारण झाल्याचे सांगतो, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभी ज्यांचे तारण होत आहे अशांविषयी बोलतो, आणि रोमकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात ते पुढे होणार असल्याचे म्हणतो. ख्रिस्ती परंपरांमध्ये या विषयावर जे मतभेद झाले, त्यांचा बराच मोठा भाग या तीन काळांपैकी कोणत्या काळावर भर द्यावा यातून निघाला आहे. आणि ‘नवा जन्म’ ही कल्पना त्या मतभेदांच्या मध्यभागी आहे, कारण जन्म म्हटला की तो कधी व कोठे झाला हा प्रश्न टाळता येत नाही.

नव्या जन्माचा मुख्य उल्लेख योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येतो. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे मोशेचे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथातला एक वजनदार पुढारी, रात्री येशूकडे येतो आणि त्याला ऐकावे लागते ते असे की, या जन्मावाचून देवाचे राज्य दिसायचे नाही. तेथील ‘अनोथेन’ या ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेम पहिला अर्थ घेऊन, म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात परत कसे शिरावे असा प्रश्न करतो, तर येशूच्या उत्तरात दुसरा अर्थ, म्हणजे देवाकडून होणारा जन्म, प्रबळ दिसतो. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘नव्याने’ हा शब्द स्वीकारला आणि ‘पुनर्जन्म’ टाळला, हे योग्यच झाले. कारण भारतीय वाचकाच्या मनात पुनर्जन्म म्हणजे जन्ममरणाचा फेरा, आणि मोक्ष म्हणजे त्या फेऱ्यातून सुटून पुन्हा जन्म न येणे. एका परंपरेत सुटकेचा शेवट जन्म थांबण्यात होतो, तर दुसरीत सुटकेचा आरंभच एका जन्माने होतो, हा विरोध लक्षात ठेवल्याशिवाय पुढील वाद समजत नाहीत. जवळचे साम्य शोधायचेच तर ते ‘द्विज’ या संकल्पनेत सापडेल, जेथे उपनयनाचा संस्कार हाच दुसरा जन्म मानला जातो; अर्थात उपनयनाला वर्णाची अट होती आणि बाप्तिस्म्याला, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षासंस्काराला, तशी अट नाही, हा फरक लहान नव्हे.

संस्काराने माणूस नव्याने जन्मतो की संस्कार हा आधीच झालेल्या जन्माची केवळ जाहीर खूण असतो, हाच कळीचा मुद्दा आहे. योहानाच्या त्याच संवादात पाणी आणि आत्मा यांपासून जन्म होण्याचा उल्लेख आहे, आणि तीताला लिहिलेल्या पत्रात नव्या जन्माच्या स्नानाविषयी सांगितले आहे. आरंभीच्या शतकांतील धर्मपित्यांनी, म्हणजे ज्यांच्या लेखनाला पुढे प्रमाण मानले गेले त्या ख्रिस्ती आचार्यांनी, या वचनांचा संबंध जवळजवळ एकमुखाने बाप्तिस्म्याशी जोडला. पण हा संस्कार तान्ह्या मुलांनाही दिला जाऊ लागल्यावर, ज्या बाळाने काही केलेले नाही त्याला कशाची क्षमा द्यायची, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याचे उत्तर असे की, आदामाच्या अपराधात सगळी मानवजात सामील असून प्रत्येक मूल ते मूळ पाप घेऊनच जन्मते, आणि माणसाची इच्छाशक्तीही त्यामुळे इतकी दुबळी झालेली असते की देवाच्या कृपेने, म्हणजे त्याने विनामूल्य दिलेल्या साहाय्याने, उचलल्याखेरीज ती देवाकडे वळूच शकत नाही. ब्रिटनहून आलेला त्याचा समकालीन तपस्वी पेलाजियस याला हे मान्य नव्हते. माणसाला चांगले वागण्याची शक्ती नसेल तर देवाच्या आज्ञांना अर्थ काय, असा त्याचा रोख होता. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत फेटाळले, आणि त्यानंतर पाश्चात्त्य ख्रिस्ती जगातील तारणाची प्रत्येक चर्चा ऑगस्टीनच्या चौकटीत होत राहिली.

पूर्वेकडील ग्रीक परंपरा या चौकटीबाहेर राहिली. ग्रीक, रशियन आणि इतर ऑर्थोडॉक्स चर्चच्या शिकवणीनुसार आदामाकडून माणसाला वारशाने जे मिळाले ते मरण आणि विकारवशता होय, अपराधाचा दोष नव्हे. त्यामुळे तारण म्हणजे मुख्यतः निर्दोष सुटण्याचा निकाल नसून रोग बरा होणे आहे. या बरे होण्याच्या अखेरच्या टोकाला ‘थिओसिस’ म्हणतात, ज्याचा अर्थ देवाच्या जीवनात सहभागी होऊन त्याच्यासारखे होणे असा आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अथानासियस याने देवाच्या मनुष्य होण्याचे प्रयोजनच हे असल्याचे प्रतिपादन केले. मराठी वाचकाला येथे अद्वैताची आठवण होणे साहजिक आहे, पण ती आठवण फार ताणता येत नाही. चौदाव्या शतकातील ग्रेगरी पालामास याने स्पष्ट केले की माणूस देवाच्या शक्तींमध्ये सहभागी होतो, देवाच्या तत्त्वात नाही, म्हणजे निर्माता आणि निर्मित यांच्यातील अंतर कायम राहते. या परंपरेत बाळाला तीन वेळा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, लगेच पवित्र तेलाचा अभिषेक करतात आणि प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारसही देतात. समज येईपर्यंत थांबण्याची तिला गरज वाटत नाही, कारण औषध घेण्यासाठी रोग्याला औषधशास्त्र कळावे लागत नाही. अशा परंपरेतल्या श्रद्धाळूला ‘तुमचे तारण झाले का’ असे विचारले, तर तो प्रश्नातील भूतकाळच स्वीकारणार नाही.

रोमन कॅथलिक शिकवण तिन्ही काळांना जागा देते, पण प्रत्येकाला एकेक संस्कार किंवा नियम जोडून देते. बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते, माणूस देवाचे लेकरू होतो आणि त्याच्या अंतःकरणात पावन करणारी कृपा वास करू लागते. हाच नवा जन्म. मात्र जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने ती कृपा गमावली जाऊ शकते, आणि धर्मगुरूसमोर पापांची कबुली देऊन, ज्याला गोव्याच्या कोकणीत कुमसार म्हणतात, ती परत मिळते. सत्कृत्ये तारण विकत घेण्यासाठी नसतात, तर कृपेनेच शक्य झालेला माणसाचा प्रतिसाद म्हणून ती आवश्यक असतात, असे १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवले. विशेष प्रकटीकरणावाचून आपल्या अंतिम तारणाविषयी कोणी निःशंक खात्री बाळगू नये, असेही तिने बजावले. वसईच्या गावांत पिढ्यानपिढ्या कॅथलिक असलेल्या कुटुंबाला नव्या जन्माची तारीख विचारली, तर चर्चच्या वहीतील बाप्तिस्म्याची नोंद हे त्याचे सरळ आणि पुरेसे उत्तर ठरते.

ट्रेंटचा रोख होता तो रोमपासून फुटून प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरवर. ल्यूथरच्या मते देव पापी माणसाला नीतिमान ठरवतो तो त्याच्यात झालेली सुधारणा पाहून नव्हे, तर ख्रिस्ताचे नीतिमत्त्व त्याच्या खात्यावर मांडून, आणि माणसाच्या हाती असतो तो केवळ विश्वास. त्यामुळे विश्वासणारा माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापीही असतो. प्रॉटेस्टंट म्हटले की बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी, असा जो समज आढळतो तो ल्यूथरला लागू पडत नाही. त्याने बालबाप्तिस्मा कायम ठेवला, त्याला नव्या जन्माचे साधन मानले, आणि निराशेच्या प्रसंगी आपला बाप्तिस्मा झालेला आहे या गोष्टीचाच तो आधार घेत असे. जिनिव्हातील जॉन कॅल्विनच्या अनुयायांनी आणखी खोलात जाऊन क्रमाचा प्रश्न विचारला: आधी विश्वास की आधी नवा जन्म? मेलेला माणूस हात पुढे करू शकत नाही, म्हणून देव ज्यांना निवडतो त्यांना प्रथम नवा जन्म देतो आणि मग त्यांच्यात विश्वास उपजतो, असे १६१८-१९ मधील डॉर्टच्या सभेने ठरवले. डच धर्मशास्त्री आर्मिनियस याच्या शिष्यांचे मत असे की, देवाच्या पूर्वकृपेने सावध झालेला माणूस विश्वास ठेवतो किंवा ती कृपा नाकारतो, आणि विश्वास ठेवणाऱ्याला नवा जन्म लाभतो. एकदा लाभलेले तारण गमावता येते की नाही, हा आजच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील वादही याच फाट्यावरून निघालेला आहे.

याहून मूलगामी पाऊल झुरिकमध्ये पडले. जानेवारी १५२५ मध्ये तेथील काही तरुणांनी, ज्याला विश्वास म्हणजे काय हे कळत नाही त्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे असे म्हणत, एकमेकांना प्रौढपणी नव्याने बाप्तिस्मा दिला, आणि दोन वर्षांनी त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला नगर परिषदेने लिमात नदीत बुडवून मारले. एखाद्या विधीच्या वयावरून देहदंड द्यावा हे आज अनाकलनीय वाटते. परंतु ज्या समाजात जन्मणारे प्रत्येक मूल एकाच वेळी नागरिक आणि ख्रिस्ती होत असे, तेथे बालबाप्तिस्मा नाकारणे म्हणजे राज्याचा पायाच नाकारणे होते. मेनोनाइट आणि आमिश हे या चळवळीचे थेट वारस होत, आणि सतराव्या शतकात इंग्रजांमध्ये उदयाला आलेले बाप्टिस्टही समजत्या वयातील बाप्तिस्म्याच्याच बाजूचे. त्यांच्या दृष्टीने नवा जन्म आधी अंतःकरणात होतो, आणि पाण्यात बुडून बाहेर येणे ही त्या जन्माची साक्ष असते.

या दोन टोकांमधील ओढाताण सर्वांत उघडपणे दिसली ती अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्ये. त्याच्या प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्मा झालेल्या बाळाचा नवा जन्म झाला असे म्हटले आहे, पण ते वाचणाऱ्या धर्मगुरूंपैकी अनेकांचा कल दुसरीकडे होता. १८४७ मध्ये जॉर्ज गॉरम या धर्मगुरूची डेव्हनमधील एका चर्चवर नेमणूक व्हायची असता, एक्झिटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स यांनी त्याची पन्नास तासांहून अधिक काळ तोंडी परीक्षा घेतली आणि बाप्तिस्म्याने प्रत्येक बाळाचा नवा जन्म निश्चितपणे होतो हे तो मानत नाही, या कारणास्तव त्याला नाकारले. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १८५० मध्ये निकाल गॉरमच्या बाजूने लागला. बाळ बाप्तिस्म्याने नव्याने जन्मते की नाही हे सरकारी न्यायसमितीने ठरवावे, याचा धक्का बसलेले हेन्री मॅनिंग यांच्यासारखे काही जण पुढच्याच वर्षी रोमन कॅथलिक झाले. हा खटला दूरच्या देशातील असला तरी, त्यातल्या दोन्ही पक्षांच्या वारसदारांची गाठ पुढे एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात पडली.

तत्पूर्वी इंग्लंड-अमेरिकेत नवा जन्म हा अनुभवाचा विषय झाला होता. न्यू इंग्लंडमधील प्युरिटन मंडळ्या सभासद होऊ इच्छिणाऱ्याकडून त्याच्या मनःपरिवर्तनाची हकिगत ऐकून घेत. पण पुढील पिढीला सांगण्याजोगी हकिगतच नसल्यामुळे, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही असा पेच आला आणि १६६२ मध्ये अर्ध्या सभासदत्वाची तडजोड करावी लागली. अनुभवाला प्रवेशाची अट करणाऱ्या प्रत्येक चळवळीला हा पेच आज ना उद्या गाठतोच. जॉन वेस्ली हा बाप्तिस्मा आणि धर्मगुरुपदाची दीक्षा या दोन्ही गोष्टी झालेला माणूस; तरी लंडनमधील ऑल्डर्सगेट मार्गावरील एका सभेत, २४ मे १७३८ रोजी, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेल्या प्रस्तावनेचे वाचन चालू असता आपल्याला ख्रिस्तावरील विश्वासाची आणि पापक्षमेची आतून खात्री पटल्याचे त्याने नोंदवले. बाप्तिस्मा आणि नवा जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे वेस्लीने प्रवचनांतून सांगितले, मात्र बालबाप्तिस्मा सोडला नाही. अमेरिकेतील पुनरुज्जीवन सभांनी हा अनुभव एका संध्याकाळीत बसवला: प्रवचन, आवाहन, पुढे येणे, पश्चात्तापाची प्रार्थना. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वतःला नव्याने जन्मलेला ख्रिस्ती म्हणवून घेतल्यावर हा शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत पोचला आणि धर्मशास्त्रापेक्षा राजकीय ओळखीचाच अधिक झाला, हे त्या शब्दाचे दुर्दैव म्हणावे लागेल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण त्या मानाने फार सखोल आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, कन्या मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनीसंघ अँग्लिकन चर्चमधील संस्कारवादी बाजूचा, म्हणजे बाप्तिस्म्यातच नवा जन्म मानणारा होता. रमाबाईंनी तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी केलेल्या पत्रव्यवहारातून दिसते की, केवळ चर्चचा अधिकार सांगतो म्हणून एखादे मत स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती. पुढे भारतात परतून विधवांसाठी काढलेले शारदा सदन चालवत असताना विल्यम हॅस्लम यांचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील अँग्लिकन धर्मगुरू, मुळात संस्कारवादी, आणि १८५१ मध्ये स्वतःचेच प्रवचन करता करता आपले मनःपरिवर्तन झाल्याचे सांगणारे. रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत म्हटले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले. वाँटेजच्या दृष्टीने पाहिले तर रमाबाईंचा नवा जन्म १८८३ मध्येच झाला आणि नंतरचा अनुभव ही त्याची जाणीव. हॅस्लमच्या दृष्टीने पाहिले तर खरा जन्म नंतरचाच. रमाबाईंनी पहिला बाप्तिस्मा खोटा ठरवला नाही, पण साक्ष दिली ती दुसऱ्या अनुभवाची, आणि त्यातच त्यांचे स्वतंत्र स्थान दिसते.

त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये जे पुनरुज्जीवन झाले, त्याने या विषयाला तिसरा फाटा फोडला. तेथील मुली व स्त्रिया रडत, प्रार्थना करत, पापे कबूल करत, आणि पुढे काहींनी न शिकलेल्या भाषांत, ज्याला पेंटेकॉस्टल मंडळ्या ‘अन्य भाषा’ म्हणतात, बोलण्यास आरंभ केला. पेंटेकॉस्टल शिकवणीत तारण किंवा नवा जन्म ही पहिली पायरी असून पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा ही त्यानंतरची सामर्थ्याची निराळी पायरी मानतात. या चळवळीचा उगम १९०६ मधील लॉस एंजेलिसच्या अझुसा मार्गावरील सभांशी जोडण्याची रीत आहे, परंतु केडगावचे पुनरुज्जीवन त्याच्या आधीचे. आणि मुक्ती मिशनमधील मिनी अब्रॅम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीतील मेथडिस्ट, म्हणजे वेस्लीच्या परंपरेतील, मिशनऱ्यांच्या हाती पडून १९०९ मध्ये वाल्पाराइसो येथे पेंटेकॉस्टल चळवळीला चालना मिळाली. पुणे जिल्ह्यातील एका वसतिगृहाने दक्षिण अमेरिकेच्या धार्मिक इतिहासावर उमटवलेला हा ठसा मराठी इतिहासलेखनात अजून पुरेसा नोंदला गेलेला नाही.

नारायण वामन टिळकांनी प्रश्नच वेगळ्या बाजूने उचलला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत अशी कल्पना होती. दोनच वर्षांनी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तथापि संस्काराच्या सीमेबाहेर तारण असू शकते का, हा त्यातला प्रश्न पुढे फार मोठ्या व्यासपीठावर आला: १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने, ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते असे घोषित केले. बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्या, म्हणजे बायबलचे अंतिम प्रामाण्य आणि वैयक्तिक मनःपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या, येथे थांबतात आणि ख्रिस्तावरील जाणत्या विश्वासाचा आग्रह सोडत नाहीत.

जुन्या भांडणांपैकी एक मात्र बरेच निवळले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे रोमन कॅथलिक चर्च आणि ल्युथेरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि माणूस नीतिमान ठरतो तो स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर कृपेनेच, हे दोघांनी मान्य केले; २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये कॅल्विनच्या परंपरेतील मंडळ्याही त्यात सामील झाल्या. नव्या जन्माची वेळ आणि त्याचे पाण्याशी नाते यांवर मात्र असा करार झालेला नाही. महाराष्ट्रात या प्रश्नावरचा तोडगा त्याआधीच काढला गेला होता: २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट आदी सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातील बाप्तिस्मा या दोन्ही रीती तिच्या घटनेत पर्यायी म्हणून मान्य करण्यात आल्या, आणि त्या आजही एकाच मंडळीत शेजारीशेजारी चालू आहेत.